हेड गर्ल पिंकी आणि आबांचा कोबी

पिंकी निवृत्ती केदारी हिला हेड गर्ल केलं, तेव्हा पहिला प्रश्न तिनंच विचारला. "मॅडम, माझं काय चुकलं?"

प्रश्न रास्त होता. गेल्या सात वर्षांत तिला प्रिन्सिपलच्या ऑफिसात जेव्हा जेव्हा बोलावलं होतं, तेव्हा तेव्हा काहीतरी चुकलेलंच होतं. पाचवीत असताना तिनं प्रार्थनागृहाबाहेरच्या सगळ्या चपलांची अशी काही अदलाबदल केली होती, की अर्ध्या शाळेच्या पायात दोन डाव्या आणि अर्ध्या शाळेच्या पायात दोन उजव्या आल्या. आठवीत तिनं घंटेच्या लोलकाला लोकरीचा मोजा चढवला. त्या रविवारी सगळं वसतिगृह ऊन वर येईपर्यंत झोपलं आणि पहारेकरी बहिरा झालो म्हणून कानाच्या डॉक्टरकडे जाऊन आला. दहावीत तर तिला रेक्टर सारिका मॅडमचा आवाज इतका हुबेहूब जमायला लागला, की एकदा खुद्द सारिका मॅडमच त्या आवाजाला घाबरून पटकन खोलीत शिरल्या, असं मुली सांगत. हे खोटं असेल. पण खोटं ठरवायला कुणी पुढं आलं नाही.

शाळा मुलींची, निवासी. लोणावळा मागं टाकून खंडाळ्याकडं निघालं की एक दमवणारा चढ लागतो, तो संपतो तिथं. शाळेचं पूर्ण नाव एवढं लांब, की कमानीवर ते दोन ओळींत बसवावं लागलं. मुली नुसतं 'टेकडी' म्हणत. नावाखाली 'सेवा, शिस्त, संस्कार' असं लिहिलेलं होतं. चौथा 'स' साखरेचा, आणि तो चहात कधी सापडत नाही, हा शोध पिंकीच्याच नावावर होता.

तिचं नाव हाही एक प्रश्नच होता. पाचवीत बाईंनी विचारलं होतं, "पिंकी हे घरातलं नाव झालं. खरं नाव काय?" त्यावर ती म्हणाली, "घरात मला बारकी म्हणतात. पिंकी हेच खरं." जन्माच्या दाखल्यावर, रेशनकार्डावर, सगळीकडं पिंकीच. वडिवळ्यात धरणाच्या खालच्या अंगाला तिच्या वडिलांची भाताची खाचरं होती. मुलगी शिकावी म्हणून त्यांनी तिला टेकडीवर ठेवली. गावात राहिली तर मास्तरच शाळा सोडून जातील, असं त्यांचं म्हणणं होतं.

तर त्या वर्षी जूनमध्ये माधवी मॅडम पुण्याहून नव्या प्रिन्सिपल म्हणून आल्या. तोवर हेड गर्ल व्हायचा मान वर्गात पहिल्या येणाऱ्या मुलीचा असे. वर्षभर बिल्ला लावायचा, पाहुण्यांना गुलाबाचं फूल द्यायचं आणि बाकी मुलींनी केलेला गोंधळ बघून हिरमुसायचं, एवढंच तिचं काम. माधवी मॅडमनी ती पद्धत मोडली.

"चुकलं काहीच नाही," त्या म्हणाल्या. "आल्यापासून बघतेय मी. घंटा झाली की मुली शिक्षकांकडं बघत नाहीत, तुझ्याकडं बघतात. तू उठलीस तर उठतात."

"मी कुठं लवकर उठते मॅडम?"

"म्हणूनच शाळा रोज उशिरा सुरू होते."

पिंकीनं थोडा विचार केला. "दुसऱ्या कुणाला तरी करा. संध्याकाळपर्यंत चांगलं नाव सुचवते मी."

"नावं सुचवायचं काम माझं आहे," असं म्हणून मॅडमनी पितळी बिल्ला टेबलावर ठेवला. बिल्ल्याची टाचणी वाकडी होती. ती सरळ करायला पिंकीनं बिल्ला हातात घेतला आणि ही तिची चूक झाली, कारण मॅडम म्हणाल्या, "छान. ये आता."

बाहेर येऊन ती सरळ न्हाणीघरात गेली. कडी लावली. फुटक्या आरशासमोर बिल्ला छातीवर धरून बघितला आणि स्वतःलाच वेडावून दाखवलं. मग पुन्हा एकदा धरला, जरा वरच्या बाजूला. या खेपेला वेडावलं नाही. बिल्ला बरा दिसत होता, आणि हे कुणाला कळता कामा नये म्हणून तिनं तो खिशात टाकला.

सारिका मॅडमना ही निवड मुळीच पटली नाही. "जिनं घंटेला मोजा घातला, तिच्याच हातात घंटा," असं त्या शिक्षकखोलीत म्हणाल्या, आणि ते अक्षरशः खरं होतं. सकाळची घंटा द्यायचं काम हेड गर्लचं होतं. पिंकी केदारी आयुष्यात पहिल्यांदा शाळेतल्या सगळ्यांच्या आधी उठायला लागली. पहिल्या दिवशी तिनं घंटा अशी बडवली, की शेजारच्या बंगल्यात उतरलेले मुंबईचे पाहुणे आग लागली समजून चड्डीवर बाहेर आले.

मुली मात्र खूश होत्या. सगळ्यात खूश होती प्रतीक्षा ओव्हाळ. प्रतीक्षाचे वडील रेल्वेत होते, घर बेगडेवाडी स्टेशनच्या जवळ. पाचवीपासून ती आणि पिंकी एकाच खोलीत, एकाच बाकावर आणि बहुतेक वेळा एकाच शिक्षेत असत. मोजा प्रतीक्षाचाच होता.

"आता आपलं राज्य," प्रतीक्षा म्हणाली, आणि दुसऱ्या दिवशी पीटीला आलीच नाही. हजेरी घ्यायचं कामही हेड गर्लचंच, पिंकीनं तिला हजर दाखवलं. त्याच्या दुसऱ्या दिवशी खोलीतल्या बाकीच्याही आल्या नाहीत. त्यांनाही हजर दाखवलं. मग ही बातमी खालच्या वर्गांत पोचली, आणि एका सकाळी मैदानावर पीटीच्या बाई, पिंकी आणि चार कावळे एवढेच उरले. बाईंनी कावळ्यांकडं आणि मग पिंकीकडं बघितलं. शिट्टी खिशात टाकली. बोलल्या असत्या तर बरं झालं असतं.

त्या रात्री जेवताना पिंकीनं प्रतीक्षाला सांगितलं, "उद्यापासून ये."

"कुणाला सांगतेस?"

"तुला."

"हेड गर्ल म्हणून सांगतेस का पिंकी म्हणून?"

पिंकीला दोन्हींत फरक आहे हे तोवर सुचलंच नव्हतं. "ये म्हणजे ये," ती म्हणाली. प्रतीक्षानं ताट उचललं आणि दुसऱ्या टेबलावर जाऊन बसली. दुसऱ्या दिवशी ती मैदानावर आली, पण पिंकीच्या रांगेत उभी राहिली नाही.

लावणीची कामं उरकली तसे निवृत्ती केदारी रविवारी कामशेतहून गाडीनं लेकीला भेटायला आले. सोबत घरच्या तांदळाच्या भाकरी, सुकटीची चटणी आणि बिल्ला बघायची उत्सुकता. पिंकीनं बिल्ला दाखवला. त्यांनी तो बैल घेताना दात बघावेत तसा उलटसुलटा करून पाहिला.

"ह्याचं करायचं काय असतं?"

"घंटा द्यायची. मुलींना रांगेत उभं करायचं. भांडणं सोडवायची."

"मग त्यात काय येवढं." त्यांनी भाकरी मोडली. मग जरा वेळानं म्हणाले, "मी उपसरपंच व्हतो तवा तू लय बारकी व्हतीस. दीड वरीस व्हतो. पयल्या म्हयन्यात गेणूमामा बोलायचा बंद झाला. त्याच्या गोठ्याम्होरं नळ पायजे व्हता. मी म्हनलं, आदी शाळंत. आजून बोलत न्हाई."

"मग काय केलंत?"

"काय करनार? गेणू तुटला. नळ ऱ्हायला."

"प्रतीक्षा बोलत नाही माझ्याशी," पिंकीनं सांगून टाकलं.

"ओव्हाळाची पोर? ती बोलंल. ती तुज्याशी न्हाई बोलली तर तिला दुसरं कोन सोसनार हाय?" असं म्हणून त्यांनी उरलेली चटणी प्रतीक्षासाठी बांधून ठेवायला सांगितली. पिंकीनं ती प्रतीक्षाच्या कपाटात ठेवली. चटणी संपली. बोलणं काही सुरू झालं नाही.

आता कोबीकडं यायला हवं, कारण टेकडीवरची प्रत्येक वाट शेवटी कोबीकडंच जायची.

संस्थेच्या अध्यक्षांचं वय ऐंशीच्या घरात. सगळे त्यांना आबा म्हणत. वराळ्याकडं त्यांची जमीन होती. आजूबाजूला कारखाने आणि इमारती उठल्या तरी आबांनी आपला एक तुकडा विकला नव्हता, त्यात ते कोबी लावत. निघालेला कोबी ते शाळेला मोफत देत. टेंपो यायचा, गड्डे उतरायचे आणि सारिका मॅडम हात जोडून आबांना फोन करायच्या. मोफत आलेला माल टाकायचा कसा, म्हणून तो रोज शिजायचा. स्वयंपाकी सोपानकाका तो एका प्रचंड पातेल्यात घालत, वर हळद टाकत आणि पाणी ओतून देवावर भरवसा ठेवत. सोमवारी कोबीची भाजी, मंगळवारी कोबीची आमटी, बुधवारी कोबी आणि चणाडाळ, ज्यात डाळ ही अफवा असे. रविवारी पुऱ्या असत, कोबीसोबत.

दिवाळीची सुट्टी संपवून मुली परत आल्या आणि घरच्या जेवणाची चव तोंडात असताना पुन्हा ते पिवळं पाणी ताटात पडलं. सातवीतली एक मुलगी रडली. मग सगळ्या मुली एकेक करून पिंकीकडं आल्या, कारण हेड गर्ल ही आता तीच होती आणि त्यांना तक्रार करायला दुसरं कुणी नव्हतं.

पिंकी सारिका मॅडमकडं गेली.

"आबांच्या कोबीला नावं ठेवायची?" सारिका मॅडम म्हणाल्या. "दान आहे ते. दानाच्या गाईचे दात बघतात का?"

"मॅडम, दात नाही बघत. रोज तीच गाय खातोय."

त्याबद्दल तिला उभं राहायची शिक्षा झाली. मग ती माधवी मॅडमकडं गेली. माधवी मॅडम मुलींसोबतच जेवत आणि कोबी ताटाच्या कडेला सारून ठेवत, हे सगळ्यांनी पाहिलं होतं. त्यांनी सगळं ऐकलं, मान हलवली आणि "योग्य वेळी आबांशी बोलते" म्हणाल्या. पिंकीला त्या वेळी पहिल्यांदा कळलं, की मोठ्या माणसांनाही वरच्या माणसाची भीती वाटते, फक्त ती तिला 'योग्य वेळ' म्हणतात.

इकडं प्रतीक्षानं मुलींची बैठक घेतली. तिचा बेत सरळ होता. डिसेंबरात संस्थेचा वर्धापनदिन, आबा जेवायला येणार. त्या दिवशी कुणीही ताटाला हात लावायचा नाही.

"नको," पिंकी म्हणाली. सगळ्या बैठकीत ती मागं उभी होती. "त्या दिवशी पनीर असतं, जिलबी असते. आबांना काय दिसणार? पोरी माजल्यात, पनीर खात नाहीत, एवढंच."

हे खरं होतं. वर्धापनदिनाला कोबी गायब होत असे. आबांना स्वतःचा कोबी शाळेत शिजल्यावर कसा लागतो हे माहीतच नव्हतं.

"मग तू काय करणार?" प्रतीक्षा म्हणाली. "बिल्ल्याला पॉलिश?"

"मी त्यांना आपलं रोजचं जेवण घालते."

"कसं?"

"ते माझ्यावर सोड."

"सोडलं," प्रतीक्षा म्हणाली. "आणि नाही जमलं तर तो बिल्ला कोबीत शिजव."

वर्धापनदिनाच्या सकाळी स्वयंपाकघरातला इंटरकॉम वाजला. सोपानकाकांनी उचलला. पलीकडं सारिका मॅडमचा आवाज, जरा सर्दी झाल्यासारखा, पण त्यांचाच. "सोपान, आबांसाठी रोजचा कोबी करा. त्यांची खास इच्छा आहे. त्यांचा कोबी, त्यांनाच बघायचाय."

"पनीर न्हाई वाढायचं त्यांना?"

"कोबी आधी. आणि काही फोडणी-बिडणी नको. रोजच्यासारखाच."

"पानीबी रोजच्यासारखंच?"

"पाणी तर रोजच्यासारखंच हवं," असं म्हणून तो आवाज शिस्तीनं बंद झाला. वरच्या मजल्यावर पिंकीनं नाकावरचा हात काढला आणि गुलाबाची फुलं आणायला गेली.

दुपारी पंगत बसली. मधल्या टेबलावर आबा, शेजारी माधवी मॅडम, समोर सारिका मॅडम. बाकी हॉलभर मुली. मुख्य टेबलावर वाढायचा मान हेड गर्लचा. पिंकीनं वाटी आबांच्या ताटात ठेवली. पिवळं पाणी, त्यात मऊ पडलेली कोबीची पानं. सारिका मॅडमनी ते बघितलं आणि त्यांचा चेहरा कोबीच्याच रंगाचा झाला. पण आबांनी घास उचलला होता. सगळ्या हॉलचे कान आणि डोळे त्या घासावर होते. दीडशे पोरींच्या पंगतीत चमच्याचासुद्धा आवाज नव्हता.

आबांनी घास चावला. म्हणजे चावल्यासारखं केलं. दात नवे होते आणि साखर जुनी, त्यामुळं जिलबी त्यांना वर्ज्य आणि पनीर दातांत अडकायचं. त्यांनी दुसरा घास घेतला. तिसरा घेतला. डोळे मिटले.

"लय झ्याक," ते म्हणाले.

पिंकीला आपण नीट ऐकलं नाही असं वाटलं.

"आमची सून मसाला घालून कोबीचं पार वाटुळं करती. कोबी असा पायजे. मऊ आनि गप्प." त्यांनी वाटी पुढं केली. "आनखी घाल, पोरी."

तिनं आणखी घातलं. आबांनी तेही संपवलं आणि भाताबरोबर तिसरी वाटी मागितली. मग नॅपकिननं तोंड पुसत उठून उभे राहिले, आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, की मुलींच्या ताटात एवढं सात्त्विक अन्न बघून त्यांना समाधान वाटलं, आणि पुढच्या हंगामापासून ते दुसऱ्या एकरातही कोबीच लावतील. सगळा शाळेला.

हॉलमधून एक आवाज आला. तो टाळ्यांचा नव्हता. चाकातली हवा जावी तसा होता. प्रतीक्षा मागच्या टेबलावर बसली होती. तिनं पिंकीकडं बघून फक्त दोन्ही हात जोडले.

पिंकीचं सगळं आयुष्य आडवाटेनं गेलेलं. अडचण आली की खिडकी, मागची भिंत, दुसऱ्याचा आवाज, असा काहीतरी रस्ता तिला सापडायचा. आज आडवाटेनं ती सगळ्या शाळेला आणखी एक एकर कोबीत घेऊन गेली होती. आणि कार्यक्रमपत्रिकेवर पुढचं नाव तिचंच होतं. आभारप्रदर्शन, हेड गर्ल.

भाषण सारिका मॅडमनी लिहून दिलेलं होतं. 'परमपूज्य आबांच्या कृपाछत्राखाली' इथून त्याची सुरुवात होती. पिंकी माइकपाशी गेली, कागद उघडला आणि पहिलं वाक्य वाचायला तोंड उघडलं. पण जे बाहेर आलं ते कागदावर नव्हतं.

"आबा, तुमच्या कोबीबद्दल आभार," ती म्हणाली. "कोबी चांगला आहे. पण आम्ही तो रोज खातो."

आबांनी कानामागं हात नेला. "काय म्हनती ती?"

"रोज, आबा. सोमवारपासून रविवारपर्यंत. असाच. आज तुम्हाला तो मुद्दाम वाढला. मी फोनवर सारिका मॅडमचा आवाज काढून सोपानकाकांना सांगितलं. त्यांचा दोष नाही. मॅडमचाही नाही, त्यांना माहीतच नव्हतं. मला वाटलं, तुम्ही एक घास खाल आणि ताट सराल. तुम्ही तीन वाट्या खाल्ल्यात."

कुणीतरी हसलं आणि लगेच थांबलं. सारिका मॅडम उठायला लागल्या. माधवी मॅडमनी त्यांच्या हातावर हात ठेवला. योग्य वेळ बहुतेक तीच असावी.

"तुम्हाला आवडला याचा आनंद आहे," पिंकी पुढं म्हणाली. "असा तुम्ही आज पहिल्यांदा खाल्लात. आम्हाला नको झालाय. दुसरा एकर लावू नका. एवढंच. धन्यवाद."

"दोन्ही वेळा," मागून प्रतीक्षाचा आवाज आला. ती उभी राहिली होती. "सकाळ-संध्याकाळ दोन्ही वेळा असतो, आबा. ती एकच वेळ सांगतीय."

आबा लालेलाल झाले. "आमच्या येळंला कोबीबी मिळत नव्हता," ते म्हणाले. "नाचनीची आंबील पिऊन शाळंत जायचो. तुमाला फुकाट मिळतंय म्हनून त्वांड वाकडं." त्यांनी टोपी चाचपली, काठी घेतली. आता ते निघून जाणार आणि जाताना शाळाही बरोबर घेऊन जाणार, असं सगळ्यांना वाटलं. दारापर्यंत गेलेही. तिथं थांबले.

"इतकी वर्सं कोन कसं बोललं न्हाई?"

"तुमचा कोबी होता ना," पिंकी म्हणाली.

आबा तिथंच उभे राहिले. पाठमोरे. मग वळले, आणि शेतकऱ्यानं शेतकऱ्याला विचारावं तसं विचारलं, "मंग काय लावू?"

यावर हॉल फुटला. बटाटे, मटार, वांगी, भेंडी. कुणीतरी नूडल्स म्हटलं. आबांनी काठी आपटली. "सगळ्या नगं. ही एकटी सांगंल. कोनाची तू?"

"वडिवळ्याच्या निवृत्ती केदारींची."

"भातवाल्याची पोर हायेस. सांग."

पिंकीनं हॉलकडं बघितलं. दीडशे तोंडं, प्रत्येक तोंडात वेगळी भाजी. "मेथी," ती म्हणाली. "लवकर येते. मग बटाटा. एका कोपऱ्यात वांगी. आणि कोबी थोडा, तुमच्यासाठी."

"ठरलं. पन आलेला माल परत जानार न्हाई. पेरल्यावर कुरकुर चालनार न्हाई." आणि जाताना ते सोपानकाकांना म्हणाले, "तो उरल्याला कोबी डब्यात भर. सूनंला दाखवतो."

दुसऱ्या दिवशी माधवी मॅडमनी पिंकीला ऑफिसात बोलावलं. या खेपेला काय चुकलं ते तिला विचारावं लागलं नाही. मॅडमनी हात पुढं केला, तिनं बिल्ला काढून त्यावर ठेवला. आवाज काढल्याबद्दल बिल्ला महिनाभर जप्त. बोलल्याबद्दल काही नाही, असं मॅडम म्हणाल्या. त्यानंतर सारिका मॅडमची माफी मागायला लावली. पिंकीनं ती मनापासून आणि स्वतःच्या आवाजात मागितली. सारिका मॅडमनी ती थोडा वेळ ताटकळत ठेवून स्वीकारली, आणि मग विचारलं, "मी खरंच अशी बोलते का गं?"

महिनाभरासाठी बिल्ला प्रतीक्षाला दिला. प्रतीक्षानं पहिल्या सकाळी घंटा दिली, दुसऱ्या सकाळी दिली, आणि आठवडाभरात तिचे डोळे खोल गेले. तिच्या खोलीतल्या मुली पीटीला येईनाशा झाल्या. तिनं त्यांना एकदा सांगितलं, दोनदा सांगितलं, आणि मग एका सकाळी त्यांची पांघरुणं ओढून व्हरांड्यात फेकली. त्याच संध्याकाळी ती पिंकीच्या टेबलावर येऊन बसली.

"चटणी संपली का?" तिनं विचारलं.

"कधीच. तूच संपवलीस."

"दुसरी मागव," प्रतीक्षा म्हणाली आणि पिंकीच्या ताटातली भाकरी उचलली. उरलेला महिना सकाळी त्या दोघी आळीपाळीनं उठल्या, बिल्ला मात्र प्रतीक्षाच्याच छातीवर.

जानेवारीत मेथी आली. आली म्हणजे टेंपोभर आली. सोपानकाकांनी ती बघितली आणि ते भिंतीला टेकून बसले, कारण ती निवडणार कोण? कोबी नुसता चिरायचा असतो. मेथीचं एकेक पान खुडावं लागतं. रविवारी मधल्या पटांगणात सतरंज्या अंथरल्या आणि सगळी शाळा मेथी निवडायला बसली. सकाळी बसली ती दुपारी उठली. मुलींची नखं हिरवी झाली. पाचवीतल्या मुलींनी देठं एकमेकींना मारली. आठवीतल्या एकीनं मोठ्यांदा विचारलं, "मेथी कुणी सांगितली होती गं?" आणि सगळ्या सतरंज्या पिंकीकडं वळल्या.

मुलींना वाटलं होतं, कोबी गेला की सुख येईल. आली मेथी. पुढच्या रविवारी पुन्हा आली. तिसऱ्या रविवारी निवडता निवडता एक मुलगी हळूच म्हणाली, की कोबी एवढा वाईट नव्हता. पिंकीनं एक जुडी उचलून तिच्याच ओटीत टाकली.

बिल्ला तिला परत मिळाला. मार्चपर्यंत तिनं घंटा दिली, बटाट्यांचा टेंपो उतरवून घेतला आणि दोन खोल्यांमधलं पंख्यावरून झालेलं भांडण मिटवलं, ज्यानंतर दोन्ही खोल्या तिच्याशी बोलेनाशा झाल्या. बारावीला तिला बेताचे गुण पडले. पुढं तळेगावात कॉलेज केलं. आता ती वराळ्याच्या एका कारखान्यात कामगारांच्या पाळ्या लावते, म्हणजे सणाच्या दिवशी कुणाला बोलवायचं हे तिला ठरवावं लागतं. कारखान्याला जाताना वाटेत आबांचं शेत लागतं. आबा गेले, सुनेनं तिथं फुलं लावलीत. प्रतीक्षा तळेगावात नर्स आहे. दोघी महिन्यातून एकदा भेटतात, चहा पितात आणि कुणाचं काम जास्त वाईट यावरून भांडतात. मागच्या खेपेला प्रतीक्षा जिंकली, तर पिंकीनं दोन दिवस फोन उचलला नाही.